दारू कुणी ओतली?

१

"शिष्याचं पहिलं काडतूस गुरूनंच उडवायचं," श्यामकांत इनामदार म्हणाले आणि त्यांनी रायफल खांद्याला लावली.

पुष्कर वाळिंबे हसत मागे सरकला. त्याच्या हातात काडतुसांची प्लास्टिकची डबी होती. त्यातलं प्रत्येक काडतूस त्यानं आदल्या दिवशी, शनिवारी, श्यामकांतच्या तळघरात बसून स्वतः भरलं होतं. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. ती साफ करायची, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, आत मोजून पावडर घालायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. श्यामकांतचा हा वर्षानुवर्षांचा छंद होता. जर्मनीत त्यासाठी कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, परवाना काढावा लागतो. पुष्करनं त्या उन्हाळ्यात ते सगळं पार पाडलं होतं. न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात दोघंही इंजिनियर, श्यामकांत वरिष्ठ, पुष्कर नवा. गावाबाहेरच्या या नेमबाजी क्लबात त्याला आणलं होतं तेही श्यामकांतनीच.

२००७ सालचा ऑक्टोबर. रविवार सकाळ. बाकावर कोणीतरी कॉफी ओतत होतं.

आवाज झाला तो रोजचा नव्हता. नेहमीच्या बाराला शेवट असतो. हा मध्येच फाटल्यासारखा झाला. धूर पांगला तेव्हा रायफलची नळी एकीकडे आणि लाकडी दस्ता दुसरीकडे पडला होता. श्यामकांत गुडघ्यांवर बसले होते. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला चेहरा असा उरलाच नव्हता.

सगळे धावले. पुष्कर तिथंच उभा राहिला.

"हे मी भरलं होतं," तो म्हणाला. मराठीत म्हणाला, त्यामुळे ते कोणालाच कळलं नाही.

गेरहार्ट क्रामर हा श्यामकांतचा शेजारी आणि क्लबातला जुना नेमबाज. त्यानं पुष्करच्या हातातली डबी हळूच काढून घेतली आणि पोलिस येईपर्यंत कोणालाही तिला हात लावू दिला नाही.

२

श्यामकांत वाचले. उजवा डोळा गेला, जबडा मोडला, आणि डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते. जबडा तारांनी बांधलेला, त्यात गुंगीची औषधं. त्यांच्याकडून काही कळण्यासारखं नव्हतं.

म्हणून पोलिसांनी पुष्करला बोलावलं आणि दुभाषी म्हणून कुसुम तांबवेकरांना.

कुसुमताई साताऱ्याच्या. लग्न होऊन या शहरात आल्या, नवरा गेल्यावरही इथंच राहिल्या. मराठी आणि हिंदीच्या शपथबद्ध दुभाषी म्हणून कोर्टात आणि पोलिसांत त्यांना सगळे ओळखत. काम साधं होतं. ऐकायचं, सांगायचं, मध्ये आपलं काही घालायचं नाही. त्यांना मात्र ते कधीच साधं वाटलं नव्हतं.

"मी परीक्षा जर्मनमधूनच दिली हो, काकू," पुष्कर म्हणाला. त्याची दाढी वाढली होती. "पण रविवारपासून शब्दच येत नाहीत. तोंड उघडलं की मराठीच येतं."

कुसुमताईंनी तेही जर्मनमध्ये सांगितलं. समोर बसलेल्या तपास अधिकारी फ्राऊ लिंडनर यांनी मान हलवली. मध्यम वयाच्या, शांत बाई होत्या. पेन हातात घेऊन त्या कधीच प्रश्न विचारत नसत.

"डबीतली उरलेली काडतुसं आम्ही प्रयोगशाळेत उघडली," त्या म्हणाल्या. "रायफलच्या काडतुसांत रायफलची पावडर हवी. ती सावकाश जळते. यांत रिव्हॉल्व्हरची पावडर मिसळलेली आहे. ती झटकन जळते. रायफलमध्ये एवढी घातली तर काय होतं, ते तुम्ही पाहिलंत. आता गंमत अशी की डबीतल्या क्रमानं पाहिलं, तर आधी भरलेल्या काडतुसांत ती जास्त आहे, नंतरच्यांत कमी कमी होत गेली आहे. आणि पहिल्यात किती असेल याचा फक्त अंदाज करता येतो. म्हणजे तुमचं मोजमाप चुकलं नाही. बाटलीतच भेसळ होती, आणि ती वरच्या थरात होती. कोणीतरी रायफलच्या पावडरच्या बाटलीत वरून दुसरी पावडर ओतली. कोणी?"

"मला माहीत नाही," पुष्कर म्हणाला. "बाटली रायफलचीच होती. श्यामदादांनी स्वतः लेबल वाचलं, मीही वाचलं."

"दाणे पाहिलेत?"

पुष्करनं होकारार्थी मान हलवली.

"वरचे दाणे जरा चपटे वाटले. बाकीचे बारीक कांड्यांसारखे असतात. मला वाटलं, वरचे असे असतील, खालचे तसे. विचारणार होतो. पण सकाळपासून शंभरदा विचारून झालं होतं. किती विचारायचं माणसानं?" त्यानं मान खाली घातली. "विचारायला हवं होतं, काकू."

काकूंना त्यावर काही बोलायची मुभा नव्हती. त्यांनी भाषांतर केलं.

"शनिवारी तुम्ही दोघं काम करताना पीत होतात का?"

"छे! श्यामदादा थेंबाला शिवत नाहीत. आणि मी त्या दिवशी फक्त चहा."

फ्राऊ लिंडनरनी समोरचा कागद फिरवला. "श्यामकांतच्या आई सध्या त्यांच्याकडे आल्या आहेत. रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवरच्या दुभाष्यामार्फत त्यांच्याशी बोललो. त्या म्हणाल्या, 'त्यानं उरलेलं मद्य बाटलीत परत ओतलं.' एक म्हातारी बाई असं उगाच कशाला सांगेल?"

पुष्कर कुसुमताईंकडे बघत राहिला. जणू त्यांनीच काहीतरी चुकीचं भाषांतर केलं होतं.

३

घरी जाताना यु-बानमध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, कुसुमताईंच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. मद्य बाटलीत परत ओततं कोण? ग्लासात उरलेली बिअर बाटलीत ओतून ठेवणारा माणूस त्यांनी जर्मनीतही पाहिला नव्हता आणि साताऱ्यातही नव्हता.

मग त्यांनी ते वाक्य उलटं मराठीत करून बघितलं. मनोरमाबाई म्हणजे श्यामकांतच्या आई. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात त्यांची ओळख झाली होती. मिरजेच्या, सत्तरी ओलांडलेल्या, सोवळ्यातला स्वयंपाक करणाऱ्या. त्या 'मद्य' म्हणणार नाहीत. 'पावडर' म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त टाल्कम येईल. मग मुलगा तळघरात जे काळं, दाणेदार काडतुसात भरतो, त्याला त्या काय म्हणतील?

दारू!

बंदुकीची दारू. शोभेची दारू. जत्रेला दारूकाम बघायला जातात ती दारू. फोनवरचा तो दुभाषी हिंदी बोलणारा तरुण असणार. त्यानं मराठीतली दारू ऐकली आणि सरळ प्यायची करून टाकली.

आपलं स्टेशन येण्याआधी मधल्याच स्टेशनवर उतरून त्यांनी फ्राऊ लिंडनरना फोन लावला. भाषांतर संशयास्पद असेल तर सांगणं हे त्यांचं कामच होतं.

पलीकडे फ्राऊ लिंडनरनी सगळं लिहून घेतलं.

"आल्झो, असं आहे तर," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "म्हणजे ती म्हातारी पिण्याबद्दल बोलतच नव्हती. पावडर बाटलीत ओतताना तिनं कोणाला तरी पाहिलंय."

४

दुसऱ्या दिवशी त्या दोघी श्यामकांतच्या घरी गेल्या. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं ते घर, मागे बागेची चिंचोळी पट्टी, खाली तळघर. मनोरमाबाई देवापुढे बसल्या होत्या. त्यांचं आटपेपर्यंत फ्राऊ लिंडनरनी श्यामकांतच्या बायकोला, मालिनीला, स्वयंपाकघरात गाठलं.

मालिनी दातांच्या दवाखान्यात काम करत होती. तिला दुभाषी लागत नव्हती. कुसुमताई नुसत्या ऐकत बसल्या.

"हा छंद तुम्हाला आवडत नव्हता," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

"घरात स्फोटकं ठेवलेली कोणाला आवडतील?"

"शेजारी सांगतात, उन्हाळ्यात बागेत तुमचं भांडण झालं. तुम्ही ओरडून म्हणालात, एक दिवस सगळं ओतून टाकीन."

मालिनीचा चेहरा लालबुंद झाला. "हो, म्हणाले! नाल्यात ओतून टाकीन म्हणाले. नवऱ्याच्या बंदुकीत नाही!" मग ती मराठीत कुसुमताईंकडे वळली. "ताई, तुम्ही तरी सांगा हो यांना. संसारात माणूस काय काय बोलतं."

सांगता येत नव्हतं. कुसुमताईंनी तिचं वाक्य जसंच्या तसं जर्मन केलं.

"शनिवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"दवाखान्यात. महिन्यातून एक शनिवार असतो. डॉक्टरांना विचारा. मी आले तेव्हा हे दोघं खालचं आटपून वर आले होते."

ते खरं निघालं. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं.

कुंपणापलीकडे गेरहार्ट क्रामर पानं गोळा करत होता. साठीचा, उंच, खांदे पडलेला माणूस. क्लबाचं वार्षिक जेतेपद सलग बरीच वर्षं त्याच्याकडे होतं. गेल्या वर्षी ते श्यामकांतनी जिंकलं.

"शनिवारी तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात?"

"बेल वाजवली. माझी गाडी चालू होत नव्हती. श्याम वर आला, त्याच्यामागून तो मुलगाही आला. दोघांनी धक्का मारला, कोपऱ्यापर्यंत. बॅटरी जुनी आहे."

"तुम्ही घरात गेलात?"

"नाही. मी स्टिअरिंगवर होतो. तिघं पूर्ण वेळ रस्त्यावर होतो."

"तुमचं आणि श्यामकांतचं बरं होतं?"

क्रामर दाताळ्यावर रेलला. "हरल्यावर राग येतो. माणूस आहे. पण त्याला हा सगळा धंदा मी शिकवला. तो इथं आला तेव्हा त्याला जर्मन धड येत नव्हतं, माझ्या तळघरात बसून शिकला." तो जरा थांबला. "एक गोष्ट सांगायची राहिली. रविवारी सकाळी श्यामनं आधी मलाच विचारलं होतं. म्हणाला, मुलाचं पहिलं काडतूस आहे, तू उडव, तू माझा गुरू आहेस. मी नको म्हटलं."

"का?"

"खांदा दुखत होता."

फ्राऊ लिंडनर त्याच्याकडे बघत राहिल्या. क्रामरनं नजर खाली घातली आणि पुन्हा पानं ओढायला लागला. ढीग आधीच झाला होता, तरी तो त्याच जागी दाताळं फिरवत राहिला. हे अपराधीपण होतं की थोडक्यात वाचल्याचा धसका, हे कुसुमताईंना ठरवता येईना.

५

पुष्करला तळघरात बोलावण्यात आलं. त्यानं शनिवारी जे जे केलं, ते तिथंच उभं राहून दाखवायचं होतं. पायऱ्यांवर तो अडखळला. कुसुमताईंनी त्याचा दंड धरला, मग सोडला.

तळघर नीटनेटकं होतं. भिंतीला लोखंडी कपाट, एका टेबलावर काडतुसं भरायचं हातानं दाबायचं यंत्र, वजनाचा छोटा काटा, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन.

"श्यामदादांचा एकच नियम होता," पुष्कर सांगू लागला. "टेबलावर एका वेळी एकच बाटली. दोन पावडरी एकत्र बाहेर काढायच्याच नाहीत, म्हणजे गोंधळ होत नाही. सकाळी आम्ही त्यांच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरली. ती संपली. यंत्रात पावडर उरली होती, ती दादांनी या वाटीत काढली. आणि तेवढ्यात बेल वाजली."

वाटी टेबलावरच होती. स्टीलची, घरातलीच, वापरून झिजलेली.

"दादा वर गेले. मला वाटलं, रिव्हॉल्व्हरचं काम झालंच आहे, तर पुढची तयारी करून ठेवावी. मी रिव्हॉल्व्हरची बाटली कपाटात ठेवली, कपाटातून रायफलची काढली, कपाटाला कुलूप लावलं. टेबलावर एकच बाटली. नियमाप्रमाणे. वाटीकडे माझं लक्षच गेलं नाही. मग दादांनी हाक मारली, गाडीला धक्का मारायला ये म्हणून."

"तळघराचं दार?"

"उघडं राहिलं. पाच-दहा मिनिटांचं तर काम, असं वाटलं."

"परत आल्यावर वाटी पाहिलीत?"

पुष्करनं डोळे मिटले. "रिकामी होती. दादांना वाटलं असेल मी आवरली, मला वाटलं दादांनी. कोणीच कोणाला विचारलं नाही. अशीच होती, आत्ता आहे तशी. पालथी. धुऊन."

कुसुमताईंनी 'धुऊन' हा शब्द भाषांतरित केला आणि त्यांची नजर वाटीवरच अडकली.

फ्राऊ लिंडनर हातमोजा घालून वाटी उचलत होत्या. त्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. पण कुणी पावडर बिघडवायला चोरून आलं असतं, तर ते वाटी धुवायला थांबलं नसतं. पाणी निथळायला पालथी तर मुळीच घातली नसती. क्रामर रस्त्यावर होता. मालिनी कामावर. श्यामकांत आणि पुष्कर गाडीमागे. घरात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाच्या लेखी उरलेलं काही टाकून द्यायचं नसतं. वाटीत उरलं असेल तर ते ज्या बाटलीतलं त्या बाटलीत जातं. बाटली तर समोर एकच होती.

आणि 'त्यानं'? तो 'त्यानं' फोनवरच्या पोरानं घातला होता. मराठीत 'दारू ओतली' म्हटलं की काय ओतलं तेवढंच कळतं. मी ओतली, त्यानं ओतली, तिनं ओतली, क्रियापद तेच. कर्ता बोलणाऱ्याच्या मनात राहतो. जर्मन भाषेला मात्र कर्त्यावाचून चालत नाही. तिथं कोणीतरी लागतंच. म्हणून त्या पोरानं 'त्यानं' घातला.

हे आत्ता बोलायचं का? त्या बोलल्या नाहीत, तरी प्रश्न विचारला जाणारच होता. बोलल्या, तरी उत्तर तेच येणार होतं. आणि मध्येच थांबवावं तर हा पोरगा उभा होता, नोकरी आणि व्हिसा दोन्ही धाग्याला लटकलेला, न केलेल्या गुन्ह्यासाठी.

"चला," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "आता आईंना विचारू."

६

मनोरमाबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. सुनेनं केलेला चहा समोर तसाच होता.

"ताई, त्या बाईंना सांगा, मला जे ठाऊक आहे ते सगळं सांगेन," त्या म्हणाल्या. "पुष्कर गुणी पोरगा आहे. त्याला उगाच अडकवू नका म्हणावं."

कुसुमताईंनी सांगितलं.

"तुम्ही शनिवारी तळघरात गेला होतात?"

"गेले होते ना. मालिनी कामावर जाताना म्हणाली, हे दोघं खाली किती पसारा करतात. म्हटलं, सून दमून येईल, तेवढंच आवरून ठेवावं. दोघं रस्त्यावर गेलेले दिसले खिडकीतून, म्हणून उतरले."

दारात उभ्या असलेल्या मालिनीनं भिंतीचा आधार घेतला.

फ्राऊ लिंडनरनी पुढचा प्रश्न विचारला. कुसुमताईंनी तो जसाच्या तसा मराठीत आणला. एकही शब्द वर नाही, एकही खाली नाही.

"तुम्ही म्हणाला होतात, 'त्यानं उरलेली दारू बाटलीत ओतली.' त्यानं म्हणजे कोणी?"

"त्यानं?" मनोरमाबाई गोंधळल्या. "कोण त्यानं? मीच ओतली की. वाटीत उघडी पडली होती. आमच्याकडे माझे वडील रानडुकरांसाठी बंदूक ठेवायचे, दारूला ओल लागली की ते चिडायचे. म्हणून बाटलीत ओतली, झाकण घट्ट लावलं, वाटी धुऊन ठेवली. का हो?"

फ्राऊ लिंडनर उत्तराची वाट बघत होत्या.

कुसुमताईंच्या मनात आलं, एक शब्द. फक्त एक कर्ता बदलायचा. पण मग तो कोणाच्या नावावर घालायचा? त्यांनी सांगितलं, "मी स्वतः ओतली, असं त्या म्हणतात." आणि बाकीचंही सांगितलं. वडील, बंदूक, ओल, वाटी.

फ्राऊ लिंडनरनी खिडकीबाहेर पाहिलं. मग पुन्हा वळल्या.

"काय झालं?" मनोरमाबाईंनी विचारलं. "पुष्करनं काही केलं नाही ना?"

हा प्रश्नही भाषांतरित करावा लागला, आणि उत्तरही.

"नाही. पुष्करनं काही केलेलं नाही."

"मग कोणी केलं?"

कुसुमताईंनी तो प्रश्न जर्मनमध्ये ठेवला. फ्राऊ लिंडनरनी वही मिटली.

"त्यांना सांगा," त्या अखेर म्हणाल्या, "की आमचे प्रश्न संपले."

"त्यांचे प्रश्न संपले म्हणतात," कुसुमताई म्हणाल्या.

बाहेर मोटारीपाशी फ्राऊ लिंडनर थांबल्या. पुष्करविरुद्धचं प्रकरण बहुतेक मिटेल, तळघर उघडं टाकल्याबद्दल श्यामकांतचा परवाना जाईल, पुढचं सरकारी वकील ठरवतील. "म्हातारीला काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "तिला काय ठाऊक? कोणाचा गुन्हा म्हणायचा हा? उत्तर मिळालंच नसतं तर बरं, असं बावीस वर्षांच्या नोकरीत मला कधी वाटलं नव्हतं."

पुष्कर पायरीवर बसून रडत होता. तो सुटला होता, आणि त्याला ते सोसवत नव्हतं.

७

श्यामकांतच्या जबड्याच्या तारा निघाल्या तेव्हा मालिनीनं कुसुमताईंना दवाखान्यात बोलावलं. दुभाषी म्हणून नव्हे. मालिनीला एकटीनं सांगायचं धैर्य नव्हतं.

डोळ्यांवर पट्टी होती. मालिनीनं सगळं सांगितलं. ते न हलता ऐकत होते.

"वाटी धुतलेली होती," ते म्हणाले. शब्द दातांतून अडकत येत होते. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुष्कर कधी वाटी धूत नाही." मग म्हणाले, "आईला कळता कामा नये. कोणीही सांगायचं नाही. कागद येतील ते जर्मनमध्ये येतील. तिला वाचता येत नाहीत."

"त्या रोज विचारतात हो," मालिनी म्हणाली. "जेवत नाहीत."

"आण तिला आत."

मनोरमाबाई आल्या. त्यांनी मुलाच्या कपाळावर हात ठेवला.

"आई, कळलं कोणाची चूक ती," श्यामकांत म्हणाले. "माझीच. मी रात्री पुन्हा खाली गेलो होतो. घाईत चुकीच्या बाटलीत ओतली."

"पण वाटीतली तर मी..."

"ती वेगळी. ती तू बरोबर बाटलीत ओतलीस, आई. तुझं अगदी बरोबर होतं."

मनोरमाबाई मुलाच्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग एकदम कडाडल्या.

"एवढा मोठा इंजिनियर झालास, आणि एवढं कळत नाही? बायको सांगत होती ना, नको हे खूळ म्हणून? कोणाचं ऐकशील तर शपथ!"

"हो, आई."

"त्या गरीब पुष्करच्या जिवाला किती घोर लावलास!"

"चुकलं, आई."

मालिनी तोंडात पदर घालून बाहेर पळाली. मनोरमाबाईंनी वाटीतली पेज ढवळली, फुंकर घातली आणि त्याला भरवायला लागल्या. मोडक्या जबड्यानं ते एकेक घास घेत होते. पेज संपल्यावर त्यांनी त्याचं तोंड पुसलं, पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "झोप आता."

कुसुमताई त्यांना सोडायला लिफ्टपर्यंत गेल्या. कॉरिडॉर लांबलचक होता. मनोरमाबाई भिंतीच्या कठड्याला धरून चालत होत्या.

"ताई," त्या मध्येच थांबल्या, "श्यामला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. एवढा मार खायचा त्यापायी."

कुसुमताईंनी आधारासाठी हात पुढे केला.

मनोरमाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"मला कळलंय, हे त्याला कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "तेवढाच त्याचा आधार आहे आता."

लिफ्ट आली. दार उघडलं, आणि आत शिरण्याआधी त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले, कारण आत, खाली जाऊन परत आलेली मालिनी उभी होती.